दोन महिने कमी

धुळे,
४ ऑगस्ट २०२४

चि. अभिमन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार ओळींत तीनदा "मजेत आहे" लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की मजा बेताचीच आहे. मेसचं वरण पातळ असेल तर तसं लिही, मामाशी कसली लाज.

मी ठीक आहे. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून काढून ठेवलंय, त्यामुळे फोन करू नकोस. तुझी मामी गेल्यापासून घरात बोलणारंच कोणी नाही, म्हणजे बहिरेपणाची तशी अडचणही नाही. शेजारच्या मंदाबाई खुशाली विचारायला रोज दारातून "बठ्ठं बरं शे ना?" असं ओरडतात, मी मान हलवतो. रविवारी स्काऊट पथकात गाठी शिकवल्या. एका पोराने आपल्याच दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि शिट्टी होताच आडवा झाला.

आता मुद्द्याचं. इथल्या एका खासगी आयटीआयला मशिनिस्ट शिकवायला माणूस हवा आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत तू याच घरात वाढलास, राहायचा प्रश्न नाही. तुझे आईवडील दादाकडे सुरतेला, तू जळगावात, मी इथे. निदान आपण दोघं तरी एका छपराखाली येऊ. अट एकच, एका ठिकाणी सलग दोन वर्षं काम केल्याचा दाखला. अर्ज ऑनलाइन आहे, शेवटचा दिवस एकवीस. कुठे किती काम केलंस ते तारखांसह कळव. माझ्या पथकात सहा वर्षं काढून राज्य पुरस्कार मिळवलास, तेही अर्जात लिही, विसरशील.

उत्तर लगेच टाक. डोळे वाटेकडे आहेत.

तुझा मामा,
निंबा


जळगाव,
९ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वरण पातळच आहे. बुटांची गोष्ट वाचून एकटाच हसलो, घरमालकांनी डोकावून पाहिलं.

आयटीआय झाल्यावर जिनिंगचे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपात एक वर्ष शिकाऊ होतो. मग हेमराजशेठकडे लेथ आणि मिलिंगवर, ठिबकच्या जोडण्यांचे साचे करायला. आता सव्वा वर्षापासून एका कारखान्यात सीएनसीवर आहे. हे मशीन दार लावून आपलं आपण चालतं, मी काचेतून बघत उभा असतो. हेमराजशेठकडे चहाला चार माणसं तरी जमायची. इथे पाळीत मी एकटा. खोलीवर आलो की कधी कधी लक्षात येतं, आज आपण कोणाशी बोललोच नाही.

अडचण हेमराजशेठकडच्या दिवसांची आहे. तिथे एक वर्ष दहा महिने भरले. दोन महिने कमी पडतात. ते का, हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीत तुम्ही लिहिलं होतं, पाटणादेवीला शिबिर आहे, पोरं चाळीस, सोबतीला दुसरा शिक्षक नाही, आठ दिवस ये. शेठकडे मोठी ऑर्डर होती, त्यांनी रजा नाकारली. तरी मी आलो. चाळीसगाव स्टेशनवर तुम्ही स्काऊटच्या रीतीने विश्वासाचा डावा हात पुढे केलात आणि रजा सहज मिळाली ना, असं विचारलंत. मी तो हात हातात धरूनच हो म्हणालो. परत गेलो तेव्हा माझ्या मशीनवर दुसरा माणूस होता. पुढचे तीन महिने हाताला काम नव्हतं.

परवा दाखला मागायला गेलो. शेठना मागचं आठवून वाईट वाटलं. सही-शिक्का करून कागद दिला आणि काम सोडल्याची तारीख कोरी ठेवली. हवी ती टाक म्हणाले. कागद बॅगेत आहे. तुम्ही सांगाल तसं करतो. धुळ्याला यायचं फार मनात आहे, मामा.

तब्येतीला जपा, आणि रागावला असाल तरी पत्र टाका.

आपला,
अभिमन


धुळे,
१६ ऑगस्ट २०२४

चि. अभिमन यास,
अ. उ. आ.

दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

आधी रागावलो, मग कोणावर रागवायचं ते कळेना. शिबिरात तू सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायचास आणि मी पोरांना सांगायचो, नोकरी सांभाळून सेवा कशी करतात ते याच्याकडून शिका. चांगलाच तोंडावर पडलो. मी बोलावलं नसतं तर तुझी दोन वर्षं भरली असती.

म्हणून सांगतो, मार्चमधली तारीख टाक. स्काऊटचा पहिला नियम विश्वासाचा, तो मी तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतला, हे विसरलेलो नाही. तरी सांगतो. दोन महिने कमी म्हणून तुझ्या हातातलं काम कमी होतं का? पाप लागलं तर मला लागू दे. मागची खोली झाडून घेतली आहे, पंखाही दुरुस्त केला.

सामान थोडंच आण.

तुझा मामा,
निंबा


जळगाव,
२४ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. मध्ये सुट्ट्या आल्या. अर्ज एकवीसलाच भरला.

त्या दिवशी रजा घेऊन पोस्टमनची वाट बघत बसलो. तो दुपारी आला आणि काही नाही म्हणून हात हलवत पुढे गेला. मंदाबाईंना फोन करता आला असता, पण ही गोष्ट त्यांनी तुम्हाला ओरडून विचारायची, ते नको वाटलं. शेवटी सायबर कॅफेत जाऊन बसलो. मार्च लिहायचं जवळजवळ ठरलं होतं. पेन टेकवलं आणि वाटलं, पोरांना माप घ्यायला शिकवणार आणि आपलंच माप खोटं दाखवून वर्गात शिरणार, हे रोज निभायचं नाही आपल्याच्याने. खरी तारीख लिहिली. संगणकाने लगेच लाल अक्षरांत कळवलं, पात्र नाही.

मी काही मोठा सच्चा नाही. तुमचं पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर मार्च लिहून मोकळा झालो असतो. काल ते वाचून रडू आलं. तुम्ही खोली झाडून ठेवलीत, म्हणून जास्त.

तुम्हीच इकडे या, असं मागे दोनदा लिहिलं होतं. रविवारचं पथक सोडून कसं येऊ, असं तुम्ही कळवलंत. ते बरोबरच आहे, बावीस पोरं आहेत. आता पुन्हा आग्रह करत नाही.

यंत्र कानात घालत जा. माया आहे तशीच राहू द्या.

आपला,
अभिमन


धुळे,
२९ ऑगस्ट २०२४

चि. अभिमन यास,
अ. उ. आ.

माझं पत्र उशिरा पोचलं ते बरंच झालं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं. तू यायला हवा होतास.

तू खरी तारीख लिहिलीस, आता मलाही लिहायला हवं. रविवारचं पथक नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेने ते दुसऱ्या शिक्षकाकडे दिलं. ज्याला हाक ऐकू येत नाही त्याच्याकडे पोरं कशी सोपवायची, असं मुख्याध्यापक म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हापासून दर रविवारी मी गणवेश घालतो, स्कार्फ बांधतो, मैदानाच्या कठड्यावर तासभर बसतो आणि घरी येतो. मंदाबाईंना वाटतं पथक चालू आहे. तुला लिहायचो ती सगळी जुनी पोरं. बुटांच्या नाड्यावाला आता चाळिशीचा आहे, पाचोऱ्याला त्याचं दुकान आहे.

म्हणजे तू बोलावलंस तेव्हा मला अडवणारं इथे काही नव्हतं. तुझ्या मामीचं घर बंद करून निघायची भीती वाटली, आणि ते लिहायची लाज वाटली.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, आठ तारखेला, सकाळच्या एसटीने निघतो. किल्ली मंदाबाईंकडे देईन. तुझ्या खोलीत दुसरी खाट मावते का, ते मोजून कळव. नाही मावली तरी येतो.

लोभ आजवर पत्रातून पुष्कळ झाला.

तुझा मामा,
निंबा