हातभर हिरवं कापड

जुन्नर, माघ वद्य षष्ठी, १९५६

मुलींना शिवणाच्या तासाला घरातल्या टाकाऊ चिंध्या आणायला मीच सांगितलं. बाकीच्यांनी गाठोडी आणली. शेवंताने हातभर हिरवा तुकडा आणला, कड अगदी सरळ कापलेली. मी तो वर्गाला दाखवला, चिंधी असावी तर अशी, म्हणाले. लगेच त्याचे आठ त्रिकोण कापून वर्गात शिवायला घेतलेल्या आसनाच्या मधल्या फुलाला लावले.

संध्याकाळी बाजारात तिची आई भेटली. लुगडं हिरवं. पदर डोक्यावर पुरत नव्हता, एका हाताने ओढून धरला होता. त्याचीही कड सरळ कापलेली.

"बाई, आमच्यात चिंधी उरतीय कुठं? फाटलं की ठिगळ, ठिगळ इरलं की पोतेरं. पोरगी लई रडाया लागली, मग पदराचं कापून दिलं." थांबून हळूच म्हणाली, "शिकून झालं की माघारी द्या. जोडून घीन."

मी हो म्हणाले. का म्हणाले? तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, एवढंच.

आल्या आल्या आसन उसवलं. आठही त्रिकोण पुढ्यात मांडलेत. कसेही जोडले तरी हातभर होत नाहीत.