वातावरण दिवाळीपर्यंत टिकवायचे आहे

ती. सर्जेरावमामांना,

तनुजाचा वाकून नमस्कार. (पूर्वी साष्टांग घालायचे. आता ऑफिसच्या खुर्चीने कंबर अशी काही घडवली आहे की खाली गेले तर उठवायला माणसे लागतील, म्हणून कागदावरही वाकण्यावरच भागवते.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसतेच बाटलीकडे बघता? मामींची शुगर, तुमची म्हैस आणि बांधाला खेटून उभी राहिलेली ती नवी इमारत, सगळे आपापल्या जागी आहे ना? इकडे आई ठणठणीत, तुमचा जावई साईनाथ बरा, मुलीचे बारावीचे वर्ष, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने शिंकत नाही. मी आहे.

पत्र अशासाठी की मागे तुम्ही फोनवर म्हणालात, "आमचा रविराज घरीच बसून हाय, तुझ्या कंपनीत चिकटव की." मी "बघते" म्हणाले. पुण्यात "बघते" म्हणजे "नाही", हे खडकवासल्यापर्यंत पोहोचले असेलच. पण नाही का, ते नीट सांगितले पाहिजे. आमची कंपनी बाणेरला, परदेशी विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर सांभाळते. त्यातली सगळ्यात मोठी कंपनी उन्हाळ्यात आम्हाला सोडून गेली आणि कॉफीच्या मशीनपाशी माणसे कमी होणार अशी कुजबुज सुरू झाली. मी मूळची ॲडमिनची. गाड्या, ओळखपत्रे, डासांची फवारणी. ते काम एका ॲपने घेतल्यावर माझे करायचे काय, हा प्रश्न होता. तेव्हा आमच्या पुष्करसरांनी (डायरेक्टर, मी नोकरीला लागले तेव्हा ते शाळेत असावेत) मला बोलावून सांगितले की बाहेर काळ अनिश्चित आहे, म्हणून आतले वातावरण निरोगी हवे, आणि ते दिवाळीपर्यंत निरोगी ठेवायची जबाबदारी माझी. पदाचे नाव कल्चर लीड. पगार तोच. दिवाळीपर्यंतच का, हे मी विचारले नाही. मला नोकरी टिकवायची होती, आणि वातावरण टिकले तरच ती टिकणार होती.

मग मी झटले हो. सोमवारी सकाळी हास्यवर्ग ठेवला. बागेतले आजोबा हात वर करून हसतात तसे सगळे हसले, पण माझ्याकडे बघत; जो कमी हसेल त्याचे नाव मी वर कळवणार, अशी समजूत. भिंतीवर आभाराचा फळा लावला. त्यावर आठवडाभर एकच ओळ होती : "अजून आहोत, आभार." पुष्करसरांनी "माझे दार सदैव उघडे" अशी मेल पाठवली आणि खरेच केबिनचे दार काढून टाकले. आता फोनवरचे बोलणे बाहेर ऐकू जाते म्हणून ते पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलू लागले, आणि निम्मे ऑफिस खिडकीला लागून ते गाडीत किती वेळ बसतात ते बघू लागले. (काम कोण करत होते, मला विचारू नका.) सगळ्यांची खात्री की कमी होणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे. मी पँट्रीत शिरले की बोलणे बंद. ज्यांच्या पोरांच्या बारशांना मी गेले, ती माणसे मला बघून चहा अर्धा टाकून उठत. मामा, हे मला फार लागले.

त्यात आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कॉम्प्युटरची पूजा असते. प्रत्येकाच्या मशीनला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. तुम्ही मळ्यातून टेम्पोने पाठवलेली फुले सगळ्या ऑफिसला पुरून उरली असती. पण पुष्करसरांना दारात झेंडूचा कंपनीचा लोगो हवा होता, तोही मोबाइलच्या फोटोत मावेल तेवढाच नव्हे, तर वरच्या मजल्यावरून दिसेल एवढा. लोगोने फुले खाल्ली. शेवटच्या रांगेला हार उरले नाहीत. मी नुसते हळदकुंकू लावले आणि प्रसादाच्या मागे लागले. आता, गेल्या वर्षी ज्या मशीन भंगारात जाणार होत्या तेवढ्यांनाच आम्ही हार घातला नव्हता, हे माझ्या डोक्यातून साफ गेले होते. बाकी कोणाच्याही डोक्यातून गेले नव्हते.

मी प्रसाद घेऊन येते तो शेवटची रांग उभी. आफताबभाई (टेस्टिंगमधले सगळ्यात जुने, दरवर्षी दाराचे तोरण स्टुलावर चढून तेच बांधतात) कप, चार्जर, मुलीचा फोटो पिशवीत भरत होते. शेफालीने घरी फोन लावून रडायला सुरुवात केली होती. मी फुले कमी पडल्याचे शपथेवर सांगितले. कल्चर लीडच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? आफताबभाई म्हणाले, "तनुजाताई, राहू द्या. तुम्ही तरी काय करणार?" मी शिऱ्याचा द्रोण त्यांच्या रिकाम्या टेबलावर ठेवला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली दीपाली उठली. हिचे कोणाशी पटत नाही, एसीवरून तर नाहीच. तिने आपल्या मशीनचा हार काढला, कात्रीने मधोमध कापला आणि अर्धा आफताबभाईंच्या मशीनवर ठेवला. मग दुसऱ्याने कापला, तिसऱ्याने कापला. कापलेले हार सुटायला लागले, तशी माणसे जमिनीवर बसून पुन्हा ओवायला लागली, लोगोची फुलेही कोणीतरी ओंजळीने उचलून आणली. आणि ओवता ओवता बोलायला लागली. कोणाला झोप येत नाही, कोणी कुठे अर्ज केलाय, कोणाच्या ओळखीत जागा आहे. दुपारपर्यंत प्रत्येक मशीनवर चार-पाच फुलांची एकेक माळ होती, आणि कोण जाणार, कोण राहणार, हे कोणालाच सांगता आले नसते. मीही त्यांच्यात बसून ओवत होते. कोणी उठून गेले नाही.

पुष्करसर पार्किंगमधून वर आले, लोगोच्या जागी उरलेली हिरवी देठे ओलांडून आत आले, आणि त्यांनी फोटो काढला. संध्याकाळी तो कंपनीच्या पानावर होता, मधोमध मी, खाली "अनिश्चित काळातही निरोगी कार्यसंस्कृती". तेव्हा रविराजला सांगा, इथे येण्यासारखे काही नाही. मामींना नमस्कार, म्हशीला थोपटा.

तुमची भाची,
तनुजा

ता. क. माणसे कमी होणार ही कुजबुज खरी निघाली, पण फार नाही. एकच. दसऱ्यानंतर पुष्करसरांनी मला बिनदाराच्या केबिनमध्ये बोलावले आणि मनापासून म्हणाले, "तनुजा, तू इतकं मस्त काम केलंयस, की आता या पोझिशनची गरजच उरली नाही." दिवाळीपर्यंत थांबायचेही कारण उरले नव्हते, असे त्यांचे मत पडले. निरोपाला सगळे आले. आफताबभाई लिफ्टपर्यंत पिशवी घेऊन आले.

दुसरा ता. क. आईला यातले काही माहीत नाही. तो फोटो तिने सोसायटीत घरोघर दाखवला, पेढे वाटले, आणि आता रोज पहाटे उठून "एवढी मोठी जबाबदारी" म्हणून डब्यात एक पोळी जास्त घालते. मी तो डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघते आणि शनिवारवाड्यापुढच्या बाकावर बसते. तिथल्या जोडप्यांना माझी अडचण होते.

तिसरा ता. क. तेव्हा उद्यापासून मी तुमच्याकडे येऊ का? मला फुले तोडता येतात, गवत काढता येईल, म्हशीलाही घाबरत नाही. तुमच्या माणसांत मी कसलेही वातावरण तयार करणार नाही, असा शब्द देते. दमले आहे, मामा. फक्त संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेपर्यंत बसू द्या.