सुधाशिवायचा सीझन

शनि. २३ मे २००९, सस्काटून
बेसबॉल सीझनची पहिली मॅच. दरवर्षी गेटपाशी नारळ सुधा फोडते, एका घावात. यंदा ती मिसिसागात, लेकीच्या, नेहाच्या बाळंतपणाला. म्हणून टीमचा मालक या नात्याने मीच फोडला. पहिल्या घावाला नारळ उसळून थेट पार्किंगमध्ये. आख्खी टीम हसली. रेडिओवाल्याची कॉमेंट्री चालूच, तो कशाला सोडतोय. तिसऱ्या घावाला फुटला एकदाचा. मॅच हरलो.

रवि. २४ मे
सु.चा फोन. बाळ झोपत नाही, म्हणून घरात कोणीच झोपत नाही. मग एकदम, "नारळ पार्किंगमध्ये गेला म्हणे?" चुगली कोणी केली देव जाणे. बहुतेक देशपांडे वहिनी. सु.ला बेसबॉलचं वावडं. खाणीतली नोकरी सोडून टीम घेतली तेव्हा म्हणाली होती, "लोक पन्नाशीनंतर देवाला लागतात, तुम्ही चेंडूला लागा."

शुक्र. १२ जून
मॅच पावसात गेली. घरी येऊन भात लावला, सवयीने दोघांचा. उरलेला फोडणी घालून कोच डेलला नेऊन दिला. "बॉस, व्हेन इज शी कमिंग होम?" "सून," म्हटलं. लवकर कसलं. फार आठवण येते. स्टँडमध्ये शेजारी कोणी बसलं की राग येतो.

रवि. ५ जुलै
अल्बर्टातल्या एकाला टीम हवीय. तिकडेच हलवणार. विकली की मी मोकळा. मिसिसागात कॉन्डो, नातू, सुधा. नेहा म्हणते, "बाबा, जस्ट सेल इट. आई इज हॅपी हिअर." सु. 'तुम्ही इकडे या' म्हणत नाही, मी 'तू परत ये' म्हणत नाही. दोघंही महाशहाणे.

शनि. १८ जुलै
त्याला हो म्हणून टाकलं. सह्या गुरुवारी. डेलला सांगितलं, तर टोपी काढून नुसता बसून राहिला. मैदानावर पाणी मारणं चालू होतं. सु.ला सह्या झाल्यावरच सांगणार. खूश होईल. होईलच.

मंगळ. २१ जुलै
नेहा बोलता बोलता म्हणाली, "आई बेबीला तुमचे गेम्स ऐकवते. एव्हरी गेम, लॅपटॉपवर. ही वोन्ट स्लीप विदाऊट इट."
म्हणजे नारळाचं... बिचाऱ्या देशपांडे वहिनी. उगाच इतके दिवस फुगून बसलो त्यांच्यावर.
सु. फोनवर आली. "तुमचा बॉल टाकणारा डावखुरा दमतो हो शेवटी शेवटी. डेलला सांगा, वेळेवर काढत जा."
बेसबॉल आवडायला लागला की काय, विचारलं.
"छे! रेडिओवाल्याच्या मागून तुमचा आवाज येतो. 'अरे धाव की, गाढवा' म्हणून ओरडता ना, ते ऐकायला मॅच लावते."
फोन ठेवल्यावर रडलो.

बुध. २२ जुलै
टीम विकतोय हे आज सांगायचंच, असं ठरवून फोन लावला. तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "उद्या बॉल कोण टाकणार?"
उद्या सकाळी सह्या. संध्याकाळी मॅच.
"तुझा डावखुराच," म्हटलं.
"मग जरा जोरात ओरडा. इथे पंखा चालू असतो."