टेकडीखालचं घर

यवतमाळ, रविवार, ११ फेब्रुवारी १९६२

ठरलं. टेकडीखालच्या तांड्यातल्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. ऐकताच दादा ताटावरून उठला. "विधवा बाई सायकलीनं पाच मैल शाळेत शिकवायला येणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं.

हे गेल्यापासून इथं मला खिडकीत उभंही राहू देत नाहीत. तिथल्या खिडकीतून तळं दिसतं, फुललेले पळस दिसतात. घरमालकीण सोमलीबाईनं एवढंच विचारलं, "एकट्या राहसान, भेव नाही वाटत तुमाले?"

वाटतं. खोटं कशाला लिहू? पण दादासमोर ते कबूल करणार नाही. उद्या शाळेतून परस्पर तिकडेच जाणार.

आत्ता पाहिलं, तर आई माझी वळकटी बांधत होती.