दगड उकळला कोणी

दोन पानं भरून लिहून ठेवलंस. माशांना चिमूटभर दाणे, टाकीतलं खारं पाणी आटलं की वरून गोडं पाणी, दिवा सकाळी लावायचा, काच आतून पुसायची ती या चुंबकाने. पण टाकीतला दगड उकळला तर माणूस मरायला टेकतो, एवढी एक ओळ लिहायला तुझी शाई संपली होती का?

प्रिय भोपळ्या,

(प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आज तू मला तितकासा प्रिय नाहीस.)

आधी हे वाच, तुझे आजोबा जिवंत आहेत. पाच दिवस दवाखान्यात होते, त्यातले दोन नाकाला नळी. परवा घरी आले. आत्ता बाल्कनीत बसलेत आणि मी काय लिहितेय ते मान वाकडी करून बघतायत. तुझ्या बापाने तुला कळवलंच असेल की बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही, त्यांनी गॅसवर दगड शिजायला ठेवला. येत्या एक तारखेला तो ह्यांना स्वतःच्या घरी नेणार आणि मला तुझ्या आत्याकडे धाडणार. बावन्न वर्षांत आम्ही इतके भांडलो, पण वेगळं कुणी राहिलं नाही. रागाच्या भरात लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. एरवीही काही मोत्यासारखं नव्हतं, चौथीत शाळा सुटली.

टाकी आमच्यावर सोपवून तू गेलास तेव्हा तिच्यात ते उपटसुंभ चारच होते. ती केसाळ तपकिरी समुद्रफुलं रे, जी शेजारच्या पोवळ्यांना चटके देतात आणि तू ज्यांना शिव्या देत होतास. मी म्हटलं तण आहे, तण मुळापासून काढायचं. बाही वर केली, भाजीची कात्री घेतली आणि चारही कापले. नातू परत येईल तेव्हा खूश होईल म्हणून दोन दिवस मिरवलेसुद्धा. दहा दिवसांनी ह्यांनी मला हाक मारली, म्हणाले, बघ तुझा पराक्रम. भिंग लावून मोजले, त्रेचाळीस! प्रत्येक तुकड्याला नवं तोंड फुटलेलं, वर केस हलवत माझ्याकडे बघतायत. तुझ्या त्या टाक्यांच्या दुकानदाराला बोलावलं तर तो डोक्याला हात लावून म्हणाला, आजी, तुम्ही मारले नाहीत, पेरलेत.

त्याने एक इंजेक्शनची नळी दिली आणि चुन्यासारखी पांढरी पेस्ट. एकेकाच्या तोंडावर अलगद सोडायची. जरा धक्का लागला की मेला बिळात शिरतो, मग बसा तासभर वाट बघत. ते काम ह्यांचं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हात, अजून हलत नाही. दगडांचा नकाशा काढला होता त्यांनी, कुठल्या बिळातला मेला, कुठला उरला, सगळ्यावर खुणा. रोज सहा. मी म्हणायची, तुमच्या चालीने त्यांची नातवंडं होतील. ते म्हणायचे, घाई केल्याने काय होतं ते बघितलं ना आपण.

कोपऱ्यातल्या मोठ्या दगडावर मात्र ते दाटीने बसलेले. त्याच दगडावर तुझी ती हिरवी बटणफुलं, बटणाएवढी पोवळी, ज्यांचे फोटो तू दहा लोकांना पाठवलेस. एका सकाळी तो दगड टाकीतून निघाला, मोठ्या पातेल्यात गेला आणि गॅसवर चढला. मी मागे कपडे वाळत घालत होते. हे चहाची वाट बघत स्वयंपाकघरात बसले होते, खिडकी बंद, सगळीकडे वाफ. मी आत आले तर हे खोकतायत. म्हणाले, तोंडात तांब्याचं भांडं चाटल्यासारखं लागतंय. मी म्हटलं, नखरे करू नका. तासाभरात थंडी वाजून ताप, आणि श्वास आत जाईना. ओठ निळे पडलेले मी पहिल्यांदा बघितले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात काय शिजत होतं? मी म्हटलं, दगड. त्यांनी परत विचारलं. मी परत दगड म्हटलं. तेव्हा त्यांनी ह्यांना सोडून माझ्याच डोळ्यांत बॅटरी मारली. शेवटी दुकानदाराला फोन लावला आणि तो जो ओरडला तो मला लांबून ऐकू आला. त्या बटणफुलांत विष असतं, उकळलं की वाफेबरोबर उठतं. असलं विष बाहेरच्या खोलीत ठेवून तू मला काच पुसायला सांगत होतास! अजून त्या टाकीसमोरून जाताना मी भिंतीला चिकटून जाते.

आता ज्यासाठी बसले ते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दगड ठेवला कोणी? तोवर तुझा बाप येऊन उभा होता. माझी जीभ कशी चालते ते तुला ठाऊक आहे, पण तेव्हा माझी दातखीळ बसली. ह्यांनी नळी लावलेली असताना हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. भोपळ्या, दगड मी ठेवला होता. ह्यांना ठाऊकही नव्हतं पातेल्यात काय आहे. घरी आल्यावर विचारलं, असं का केलंत, तर म्हणतात, तुला गॅसपाशी जायची बंदी झाली असती तर मी जेवलो असतो कुठे? तुझ्या बापाला मी तीनदा खरं सांगितलं. म्हणतो, आई, तू बाबांना पाठीशी घालतेस. पण दगड उकळायच्या आदल्या दिवशी मी तुला फोनवर विचारलं होतं, आम्ही खाटेतले ढेकूण उकळत्या पाण्याने मारायचो, ह्या उपटसुंभांनाही तसंच मारू का, आणि तू हसत म्हणालास, आजी, तू कधी कुणाचं ऐकलंयस? ते बोलणं तू आणि मी सोडून कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा हे पत्र बापाला दाखव आणि त्या फोनचं तुझ्या तोंडाने सांग. डोकं तपासायचं असेल तर माझं तपासा. त्या माणसाला चळलेला म्हणून कुणी घराबाहेर काढायचं नाही.

तुझीच,
आजी

ता. क. उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझ्या बापाने लिहायचं, एक तारखेच्या आत, स्वतःच्या हाताने. आणि मला नाही, ह्यांना.