दशमीचं पाणी

८ मार्च १९५३, रविवार. विटावा, धोंडीबामामाकडे.
हवा: चांगली.
आजपासून लॉगबुक. आमच्या बोटीवर सेकंड मेट रोज लिहितो. तारीख, टाइम, हवा, काय झालं. म्हणून बोट बुडत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेलो, मलाही जमेल.
लग्न गुरुवारी लागलं. रीतीप्रमाणे सगुणा परत बापाकडे. आज आणायला गेलो. सासरे काळुराम मिठागराच्या बांधावर उभे. आत ये म्हणाले नाहीत. म्हणाले, जावाय, डोंबिवलीला खोली घेतलीस, ऐकलं. तू दहा महिने दर्यावर, पोर तिकडे एकटी. तिला काय वाटतं ते तिलाच विचार. तिच्या तोंडून 'जाते' आलं तर भांडी मी माझ्या डोक्यावर घेऊन डोंबिवलीला पोचवीन. नाय आलं तर पोर इथंच मीठ ओढेल.
सोपं आहे. माझी बोट १५ तारखेला सुटते. सात दिवस हातात. मला तीन पुरेत.

९ मार्च, सोमवार.
हवा: चांगली.
आयडिया अशी. मागच्या ट्रिपला आमच्या बोटीवर एक साहेब-मडम हनिमूनला आलेले. वरच्या डेकवर दोन खुर्च्या, छत्री, बाजा. साहेब डोक्यावर टोपी घालून लांब बघायचा आणि मडम त्याच्याकडे बघायची. मी स्वतः पाहिलंय. राखेची बादली समुद्रात ओतायला वर गेलेलो तेव्हा. तीन वेळा.
तर मामाचा मिठाचा मचवा घ्यायचा. तीन दिवस. पहिला दिवस विटावा ते घारापुरी. मग मुंबईच्या मोठ्या बोटी दाखवायच्या. तिसऱ्या दिवशी परत. उतरताना ती स्वतःच म्हणेल, जाते.
मामा म्हणाला, परशा, मचव्याला मिठाचा वास हाय. मी म्हटलं, समुद्राला पण असतो.

१० मार्च, मंगळवार.
सामान आलं. कॅनव्हासच्या खुर्च्या २, छत्री १, बाजा १ (डोंबिवलीच्या घरमालकाचा, तबकड्या ४), सोडा १२ बाटल्या, बिस्किटं, साहेबी टोपी, काळा चष्मा. सगुणासाठी जॉर्जेटचं पातळ आणि सँडल. माप माहीत नव्हतं, लहान घेतले. मडमांचे पाय लहान असतात.
टेंभी नाक्यावर हरिहर फोटोवाल्याकडे जाऊन आलो. उद्या सातला येतो म्हणाला. शिकलेला माणूस आहे, वेळेचा पक्का असणार.
मामा म्हणाला, उद्या दशमी, साडेसातला पानी पुरं, मग ओहोटी. साडेसातला सोडायचं म्हणजे सोडायचं. विचारलं, कसं काढलंस. म्हणाला, तिथीची पाऊणपट. दहा पाऊणे साडेसात. शाळेत शिकला नाय?
पाऊणकी सुरू व्हायच्या आधीच मी शाळा सोडलेली. त्याला म्हटलं, मामा, मी चार वर्षं दर्यावर आहे, मला पाणी शिकवू नकोस.
त्याने तंबाखू मळली. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की तंबाखू मळतात.

११ मार्च, बुधवार. हनिमून, दिवस पहिला.
६.३०. हवा: एकदम चांगली. खाडी काठोकाठ.

७.००. सगुणा आली. पातळ शोभतं, चालते मात्र मिठाची पाटी डोक्यावर असल्यासारखी. सँडल जात नव्हते, घातले. तिचे पाय आज नीट पाहिले. मिठाने फुटलेत. तिला प्रेमाने सांगितलं, हे पाय बघून वाईट वाटतं, सहा महिने खोलीत ठेवलं की सुधारतील. तिने पाय पातळाखाली ओढले. लाजते.
तिने पाण्याचं मडकं आणलेलं. खुर्च्यांशेजारी ते कसं दिसेल? बांधावर ठेवायला लावलं. सोडा आहे की.

७.३०. मामा म्हणतो सोडू. फोटोवाला नाही. मी म्हटलं, थांब.

८.००. सगुणा म्हणाली, अवो, पानी चाललंय. मी म्हटलं, बोट कॅप्टनच्या हुकमाने सुटते, पाण्याच्या नाही.

८.४५. मामाने धक्क्याच्या खांबावरची ओली खूण दाखवली. सगुणानेही तीच दाखवली. दोघं मिळून मला घाबरवतात. बायको आणि मामा एक होतात तेव्हा पुरुषाने खंबीर राहावं.

९.१५. हरिहर आला. घरी सत्यनारायण होता म्हणे. माझी पोझ: एक पाय मचव्याच्या काठावर, टोपी, नजर लांब. सगुणाला सांगितलं, माझ्याकडे बघ. तीन फोटो.

९.४०. प्रस्थान. बांधावर अख्खी मिठागरं जमलेली. कोणीतरी ओरडलं, परशा, आफ्रिकेला पोचलास की कागद टाक! लोकांना कौतुक वाटतं.

१०.०५. थोडा वेळ थांबलो आहोत. मचवा चिखलावर टेकलाय. बांध हाकेच्या अंतरावर. दोष फोटोवाल्याचा.

१०.३०. मामा म्हणाला, आता संध्याकाळच्या पाण्याशिवाय हलत नाय. मग पालाच्या सावलीत आडवा झाला आणि घोरायला लागला. हा आमचा क्रू.
काळजीचं कारण नाही. हनिमूनमध्ये पोचणं महत्त्वाचं नसतं. साहेब-मडम कुठे पोचत होते?

११.००. खुर्च्या मांडल्या. मचवा एका अंगाला कललाय, त्यामुळे माझी खुर्ची तिच्याकडे घसरते. तिने दोनदा सरळ केली. छत्री वाऱ्याने गेली, चिखलात उलटी उभी आहे.
बाजा लावायला गेलो. तबकड्या उन्हात वाकल्यात, पापडासारख्या. एक लावून पाहिली. बांधावरून आवाज आला, बकरं कापतोस का रे?
सगुणा हसली. मी सांगितलं, मडम अशी तोंड उघडून हसत नाही. तिने पदर तोंडावर धरला. चटकन शिकते.

११.४५. गप्पा. तिने विचारलं, आफ्रिकेचा दर्या कसा दिसतो? मी म्हटलं, निळा. मग? मोठा. मग? तिथं भरती किती चढते? मी म्हटलं, ते कंपनी बघते.
तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, तुमी बोटीवर बसता कुठं? मी म्हटलं, इंजिन डिपार्टमेंट. म्हणजे वर की खाली? खाली. खिडकी हाय? मी म्हटलं, कोळशाला खिडकी कशाला?
हे बोलायला नको होतं. पण तिला बहुतेक कळलं नसावं.

१२.३०. ऊन फार. सोडा संपला. नऊ मी घेतल्या, कॅप्टनला जबाबदारी जास्त. तिला तीन. ती म्हणाली, पानी पायजे. तिचं मडकं इथून दिसतं. बांधावर सासूबाई कमळाबाई त्यातलंच पाणी बायकांना वाटतायत. आमच्याकडे बघून सावकाश पितात.

१.१०. काळुराम बांधावर आले. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, जावाय, घारापुरी आली काय? शंभर माणूस हसलं. मी टोपी काढून सलाम केला. मान राखला.

१.३०. सगुणाला नीट समजावलं. डोंबिवलीच्या खोलीत नळ आहे. शेजारी सगळे शिकलेले. त्यांच्यात आपली बोली बोलायची नाही, चिखलात जायचं नाही, निवट्या-चिंबोऱ्या आणायच्या नाहीत, वास येतो. मी दहा महिन्यांनी येईन तेव्हा तू ओळखू येणार नाहीस. ती म्हणाली, होय, नायच येणार ओळखू.
काम फत्ते झाल्यासारखं वाटतंय.

१.५०. तिने सँडल काढले. खुर्चीवर जोडीने नीट ठेवले. काळा चष्मा त्यांच्यावर. जॉर्जेटचा काष्टा मारला. मामाने डोळे न उघडता तळाची फळी तिच्याकडे सरकवली. झोपेत असेल. ती फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने चिखल मागे सारत निघाली. जाताना माझी टोपी घेऊन गेली.
माझ्यासाठी पाणी आणायला गेली. ऊन लागू नये म्हणून टोपी.

२.०५. टोपी डोक्यावर नाही. वाटेत चिंबोऱ्या पकडून टोपीत टाकतेय. बांधावरच्या बायका मोजतात. सहा. सात.

२.२०. बांधावर पोचली. मडक्यातून पाणी प्यायली. बराच वेळ. आता माझ्यासाठी भरेल.

२.४०. भरत असेल.

३.००. घरी गेली.

३.१०. चिखलाची खोली तपासायची असं आधीपासून ठरवलेलंच होतं. बूट घालून उतरलो.

४.३०. खोली: छातीपर्यंत. चाळीस मिनिटं उभा होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मामाला हाका मारल्या. तो उठून बसला, म्हणाला, फळी तर पोरीने नेली, हलू नको, जास्त जाशील. शेवटी चार बायका फळ्या घेऊन आल्या. बगलेत दोर अडकवून मिठाच्या गोणीसारखं ओढत बांधावर नेलं. गाणं म्हणत होत्या. माझ्यावर रचलेलं. दोन्ही बूट खाली राहिले.
दोर सगुणानेच आणलेला. गाठ पण तिनेच मारली. हे प्रेम नाही तर काय?

५.४५. पाणी आलं. मामाने मचवा एकट्याने सोडला, एकट्याने लावला. खुर्च्या, बाजा, सँडल, सगळं जागेवर. बोटीला काहीही नुकसान नाही. हे महत्त्वाचं.

६.३०. सासऱ्यांच्या ओटीवर. अंगावरचा चिखल वाळलाय, बसलं की तडकतो. आत चिंबोऱ्यांचं कालवण, वास ओटीपर्यंत. टोपी खुंटीवर, तिच्यातून पाणी गळतंय. मला वाढलं, पण ओटीवरच.
काळुरामांनी सगळ्यांसमोर विचारलं, सगुणा, जातेस? मी मान वर करून बसलो.
ती चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, आबा, ज्याला पानी कळत नाय त्याच्या घरी नळ असून काय करायचाय?
कोणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं.
काळुराम म्हणाले, जावाय, कालवण अजून घ्या.
घेतलं.

१२ मार्च, गुरुवार.
हवा: बघितली नाही.
विचार केला. ती 'नाही' असं कुठे म्हणाली? प्रश्न विचारला फक्त. प्रश्नाला उत्तर दिलं की झालं. उद्या जाऊन देईन.

१३ मार्च, शुक्रवार.
गेलो. ती मीठ ओढत होती. म्हटलं, बोलायचंय. म्हणाली, बोला, पण बाजूला होऊन, उभे हाय तिथं मीठ खराब होतंय. बाजूला झालो. तिथंही मीठ होतं. अजून बाजूला झालो. असं करत करत रस्त्यावर आलो.

१४ मार्च, शनिवार.
मामाने सँडल मामीला दिले. मामीला बरोबर आले. हरिहरकडून फोटो आणला, तीनपैकी एकच चांगला आलाय. न बघता पेटीत ठेवला. बोटीवर सगळ्यांना दाखवायचा आहे.

१६ मार्च, सोमवार. बोटीवर.
टाइम: इथे घड्याळ नाही.
हवा: इथे नसते.
बंकरमधल्या, म्हणजे खाली कोळशाच्या कोठीतल्या लोकांनी विचारलं, हनिमून कसा झाला. फोटो काढला. दिव्याखाली सगळ्यांनी हातोहात फिरवला. काळ्या बोटांचे ठसे पडले. एकाने विचारलं, ही बाई आणि म्हातारा काय दाखवतायत?
तेव्हा नीट बघितलं. मी पाय काठावर ठेवून लांब बघतोय. सगुणा आणि मामा दोघंही धक्क्याच्या खांबाकडे हात करून आहेत. खांबावरची ओली खूण पाण्याच्या वर चांगली हातभर उघडी पडलेली. फोटोत अगदी स्पष्ट आलीय. हरिहरचं काम चांगलं.
दुपारी भंडाऱ्याने, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याने, गुळाचा खडा दिला. आज पाडवा म्हणे. म्हणजे प्रतिपदा. एक पाऊणे पाऊण. म्हणजे पाऊण वाजता तिकडे पाणी पुरं. मामा मचवा सोडत असेल. ती बांधावर असेल.
पहिल्यांदाच गणित केलं. बरोबर आलं बहुतेक. खात्री करायला वर जाऊन सूर्य कुठे आहे बघावं लागेल.
वर जायला राखेची बादली भरावी लागते. अजून अर्धीच झाली आहे.