मोरीतला पेला

आई, आज सातवीच्या वर्गात मी तुझी गोष्ट सांगितली. तुला विचारायची सोय नव्हती; तू जाऊन एकोणीस वर्षं झाली.

भेदभावाचा पाठ होता. नुसतं वाचलं की मुलं माना डोलावतात आणि विसरतात, म्हणून मी चिठ्ठ्या वाटल्या. काहींवर गोल, काहींवर चौकोन. गोलवाल्यांनी पंख्याखाली बसायचं, पाणी आधी प्यायचं. चौकोनवाल्यांनी मागे उभं राहायचं. दहा मिनिटांतच पोरं एकमेकांना "ए चौकोनी, मागे हो" म्हणायला लागली. चिठ्ठ्या गोळा केल्या आणि म्हटलं, आता वहीत लिहा, आपल्या घरी कुणासाठी काय वेगळं ठेवलेलं असतं? कुणी पेन उचलेना. खारघरहून येणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्याकडे असं काही नसतं. तुमच्याकडे होतं का?"

मग सांगितलं. तू सकाळी पनवेलच्या बाजारात मासळी विकायचीस, उरलेली पाटी घेऊन दुपारी कॉलनीत जायचीस. तिथे पाणी मागितलंस की बायका तांब्यातून तुझ्या ओंजळीत वरून ओतायच्या. घरी येऊन तू चुलीपाशी बसायचीस आणि म्हणायचीस, "आमी काय मानसं नाय?" मी चौथीत असताना माझ्या बाकावरची मैत्रीण घरी आली. कातकरवाडीतली, आदिवासी. आम्ही दोघी थेट स्वयंपाकघरात शिरतोय, आणि तू तिला हाताने अडवून ओटीवर बसवतेस. चहा देतेस, तळलेले बोंबील देतेस, पोटभर. पण चहाचा पेला फळीवरचा नाही, मोरीतला, चेपलेला. ती गेल्यावर मी विचारलं, तर म्हणालीस, "तिला उपाशी धाडली का मी? मंग झालं." आवाजात राग नव्हता. तुला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं.

मग खारघरची ती मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या कामवाल्या ताईंचा कप खिडकीत असतो," आणि लिहायला लागली. तिच्यामागून बाकीचेही. घंटा झाल्यावर जाता जाता तिने विचारलं, "तुमची आई वाईट होती का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगली होती. तरी तिने ते केलं."

स्टाफरूममध्ये बसून हे लिहितेय. शेजारी वह्यांचा गठ्ठा आहे, तपासायला हात लावलेला नाही. मुलांना वाटलं, बाईंनी सगळं सांगितलं. तसं नाही. बाकावरची ती मैत्रीण घरी येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत, फळा नीट दिसत नाही असं गुरुजींना सांगून मी बाक बदलून घेतला. तू मला तसं करायला सांगितलं नव्हतंस.